काकू, गेम चालतात हो!

"वैशाली, आहेस का गं? तुझ्या कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडल्यात, सांगून ठेवते. आणि एक विचारायचं होतं. आमचा ओंकार म्हणतो, आहे त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स टाकतो. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या, साठ हजार. तो आकडा ऐकल्यापासून हे कुणाशी बोलत नाहीयेत."

"घ्या हो, हवा तेवढा घ्या. विंडोज टेन असेल ना त्याच्यावर? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचे नेहमीचे अपडेट बंद केले. आणि विंडोज इलेव्हन जुन्या मशीनवर सरळ चढत नाही, त्याला टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपची नवी आवृत्ती लागते, प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. चांगली चालती मशीनं भंगारात काढायची! मला तर हे मुळीच पटलेलं नाही."

"पण लिनक्सवर गेम चालत नाहीत म्हणे. समोरच्या जोश्यांचा मुलगा सांगत होता."

"तो कॉलेजात होता तेव्हाचं सांगत असेल. तेव्हा खरंच हाल होते. १९९८ मध्ये लोकी नावाची एक कंपनी निघाली होती, लिनक्सवर गेम आणायचे एवढंच काम. २००२ च्या जानेवारीत तिनं गाशा गुंडाळला. पुढे सगळं फिरलं ते एका भांडणामुळे. गेब न्यूवेल माहितीय? स्टीमवाला?"

"दाढीवाला ना? ओंकारच्या खोलीत चित्र आहे त्याचं. मला आधी कुणी बुवा वाटला."

"तोच. स्टीम म्हणजे गेम विकायचं ऑनलाइन दुकान. त्याची व्हॉल्व्ह कंपनी काढायच्या आधी हा तेरा वर्षं मायक्रोसॉफ्टमध्येच होता. २०१२ मध्ये विंडोज एट यायचं होतं, त्यात मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं दुकान थाटलेलं. म्हणजे ह्याच्या धंद्यावर गदा. तर हा भर परिषदेत म्हणाला, विंडोज एट म्हणजे आपत्ती आहे."

"अगंबाई! लेकीनं माहेरचंच चव्हाट्यावर मांडावं तसं झालं हे."

"आणि नुसता बोलून थांबला नाही. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे डबे बाजारात आणले, ते सपशेल आपटले. डबा आहे आणि गेम नाहीत, कोण घेणार?"

"मग?"

"मग त्यांनी गेमवाल्यांच्या मिनतवाऱ्या सोडल्या. विंडोजसाठी केलेला गेम आहे तसा उचलायचा आणि लिनक्सवर पळवायचा. गेम सारखा विंडोजकडे काहीतरी मागत असतो, ही फाइल उघड, तो आवाज काढ. विंडोजच्या जागी उभं राहून ते पुरवणारं वाइन नावाचं सॉफ्टवेअर १९९३ पासून होतंच. अडायचं ते चित्रांपाशी. तिथे जर्मनीतला फिलिप रेबोले म्हणून एक मुलगा निघाला. त्याला निअर ऑटोमाटा हा एक गेम लिनक्सवर खेळायचा होता, बाकी काही नाही. त्यासाठी त्यानं डीएक्सव्हीके लिहिलं. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीतले हुकूम ते खेळ चालू असतानाच व्हल्कनमध्ये बदलून देतं, आणि व्हल्कन लिनक्सला कळतं. व्हॉल्व्हनं त्याला पैसे देऊन कामालाच लावलं. ऑगस्ट २०१८ मध्ये हे सगळं बांधून प्रोटॉन म्हणून बाहेर पडलं. आता स्टीममध्ये बटण दाबलं की झालं."

"आणि अडखळत नाही?"

"काही वेळा उलटंच. २०२२ च्या फेब्रुवारीत व्हॉल्व्हचा हातात धरायचा स्टीम डेक आला, आतून लिनक्सच. त्याच सुमारास एल्डन रिंग हा गेम आला. तो विंडोजवर धक्के खात होता, तर व्हॉल्व्हनं प्रोटॉनमध्येच दुरुस्ती करून डेकवर ते बरेच कमी केले. गेम दुसऱ्याचा, डागडुजी हे करतायत! बरं, तुमच्यात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे का?"

"मला गं काय माहीत? का?"

"एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच असतो. एनव्हिडियाशी मात्र जुनं वाकडं. लिनक्सचा कर्ता टोरवाल्ड्स, त्यानं २०१२ मध्ये फिनलंडच्या एका कॉलेजात कॅमेऱ्यासमोर त्या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं."

"काय सांगतेस! एवढा शिकलेला माणूस!"

"आता खूप सुधारलंय. जुनं कार्ड असलं तर थोडी खटपट पडते, इतकंच. खरी गोम वेगळीच आहे. मित्रांबरोबर ऑनलाइन मारामारीचे गेम असतात ना, व्हॅलोरंट, फोर्टनाइट, ते लिनक्सवर नाहीतच. एपेक्स लेजंड्स चालत होता, तर २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच्या ईए कंपनीनं लिनक्सवाल्यांना दार बंद केलं."

"का गं? आलेलं गिऱ्हाईक हाकलून त्यांना काय मिळतं?"

"म्हणे लिनक्सवरून लबाडी फार होते. लबाडी पकडणारा पहारेकरी ह्यांना विंडोजच्या पार कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसवायचा असतो. लिनक्सचं कर्नल कुणीही बदलून घेऊ शकतो, म्हणून विश्वास नाही. अगदीच खोटं नाही ते. पण बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट हे असले दोन पहारेकरी २०२१ पासून प्रोटॉनवर चालतात, गेमवाल्यानं परवानगी द्यायचा अवकाश. तीच पुष्कळजण देत नाहीत. स्टीमच्या पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सवाले कुठे तीन टक्क्यांच्या वर गेले, तेवढ्यांसाठी कोण डोकं फोडून घेणार? माझ्या मते हे आता प्रोग्रामरचं काम राहिलेलं नाही, गिऱ्हाइकांच्या संख्येचं आहे. डेकसारखी यंत्रं वाढली की ह्यांना झक मारत यावं लागेल."

"पुढचं पुढे. मी आत्ता यांना काय सांगू?"

"ओंकारला विचारा, काय खेळतोस. एकट्यानं खेळायचे गेम असतील, किंवा काउंटर-स्ट्राइक, डोटा असेल, तर खुशाल टाकू द्या. व्हॅलोरंट म्हणाला तर साठ हजारांची तयारी ठेवा. आणि लिनक्स टाकलं म्हणून जुन्या मशीनची ताकद वाढत नाही, आज जो गेम त्याला झेपत नाही तो उद्याही झेपणार नाही. टाकायच्या आधी तुमचे फोटो पेन ड्राइव्हवर काढून घ्या मात्र, डिस्क पुसली जाते."