बॅकस्टेज कसे करावे : नवोदितांसाठी सूचना

ऑडिशन संपल्यावर दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवून "तुझ्यात खूप पोटेन्शियल आहे रे" म्हणाला, की आपली निवड बॅकस्टेजला झाली असे समजावे. दुःख करू नये. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो. तेव्हा खिळे ठोकणाऱ्यावर बक्षिसाचे दडपण नसते.

प्रथम काळा टी-शर्ट घ्यावा. घरातला गडद निळा चालत नाही. अंधारात तोही काळाच दिसतो, हे दिग्दर्शकाला पटवत बसू नये.

नेपथ्याचा विचार कॅन्टीनच्या टेबलावर झालेला असतो आणि तिथे लेव्हलला, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याला, वजन नसते. ती उचलण्याची वेळ येते भरत नाट्य मंदिराच्या दाराशी, टेम्पो लागल्यावर, म्हणजे अर्थातच पावसात. प्लास्टिक आधी नेपथ्याच्या रंगवलेल्या फ्लॅटवर टाकावे, उरले तर स्वतःवर. कार्यकर्ता वाळतो, ओघळलेला वाडा पुन्हा रंगवावा लागतो.

आता रेडियम टेप. खुर्चीचा पाय जिथे यायचा तिथे नखाएवढा तुकडा लावावा. उत्साहाच्या भरात पट्ट्याच्या पट्ट्या ओढल्या, तर ब्लॅकआऊटमध्ये बाल्कनीतून रंगमंच धावपट्टीसारखा दिसतो आणि शोकांतिकेत कुणीतरी विमान उतरण्याची वाट पाहू लागतो. दिवे जाण्याआधी एक डोळा मिटून ठेवावा आणि अंधार होताच तोच उघडावा. त्याला अंधार सरावलेला असतो, त्यामुळे गुडघा टेबलावर आपटत नाही. ही विद्या खरोखर उपयोगाची आहे. फक्त समोरच्या विंगेत नायिका उभी असेल, तर डोळा का मिटला याचा खुलासा नंतर करावा लागतो.

प्रॉपर्टीत सर्वांत जपायची वस्तू म्हणजे पत्र. तलवार, कंदील, पिस्तूल हे सगळे नट स्वतःच मागून घेतात, कारण त्यांचा फोटो चांगला येतो. पत्र कुणी विचारत नाही. ते कधीही कोरे देऊ नये. आत अख्खा मजकूर, म्हणजे नटाची चार वाक्ये, ठळक अक्षरांत लिहून ठेवावीत. तालमीत "माझं पाठ आहे" असे तो जितक्या ठासून म्हणाला असेल, तितकी अक्षरे मोठी काढावीत. एक प्रत स्वतःच्या खिशात असावी. पहिली प्रत तो मेकअप रूममध्ये विसरणार आहे.

प्रेक्षागृहात "आव्वाज कुणाचा" सुरू झाले की तिसरी घंटा ऐकू येत नाही. आपल्याला ऐकू आलीच पाहिजे. विंगेतून आरोळीला साथ देण्याची ऊर्मी येईल, तेव्हा सुतळी तोंडात धरावी. तशीही ती तिथेच असते.

पडदा पडताच नट एकमेकांच्या गळ्यात पडून रडतील. त्यांच्याखालची लेव्हल हळूच काढून घ्यावी. पुढचा संघ आपली लेव्हल घेऊन खोळंबलेला असतो. बाहेर टेम्पोवाला वेटिंगचे पैसे मागेल. ते हिशेब सांभाळणाऱ्याकडून प्रयोगाआधीच घेऊन ठेवावेत. निकाल लागल्यावर तो माणूस सापडत नाही, आणि करंडक मिळाला तर मुळीच सापडत नाही.