चारशे रुपयांची बचत

आमच्या संगणकाची हार्ड डिस्क टकटक करू लागली, हे घरात सर्वांत शेवटी मला कळलं. बायकोला वाटत होतं, टेबलावर बोटं मीच आपटतोय. लेख सुचत नसला की मी आपटतो. शेवटी मुलीनं सीपीयूला कान लावला आणि म्हणाली, "बाबा, डिस्क चालली."

तिनं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम चालवला. डिस्कच्या तब्येतीचा चौकोन पिवळा झाला होता आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीपुढे आकडा आला होता. म्हणजे असे तुकडे, जे डिस्कला वाचता येत नाहीत, पण ज्यांचं काय करायचं हेही तिनं ठरवलेलं नाही. उभी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे 'पेंडिंग' म्हटल्यावर मला उलट धीर आला. पेंडिंग गोष्टी माणसांपेक्षा जास्त टिकतात. संध्याकाळी पाहिलं तर आकडा वाढला होता.

"महत्त्वाच्या फाइली काढून घ्या आणि नव्या डिस्कवर विंडोज नव्यानं टाका," मुलगी म्हणाली. मी त्याला साफ नकार दिला. मी दिवाळी अंकांतून लिहितो, तेही युनिकोड येण्यापूर्वीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. त्याची सीडी माळ्यावर कुठेतरी आहे असं गेली कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना सांगतो. ते सॉफ्टवेअर नसेल तर माझ्या फाइली उघडतात, पण मराठीच्या जागी आडवीतिडवी रोमन अक्षरं आणि त्यांच्या डोक्यावर टोप्या दिसतात. एका संपादकांनी एकदा तशीच फाइल उघडून, लेख यंदा जरा प्रायोगिक वाटला, असं कळवलं होतं. तेव्हा मला क्लोनच हवा होता: जुन्या डिस्कवर जे जिथे आहे ते तसंच्या तसं नव्या डिस्कवर.

तापकीर गल्लीत गेलो. जुनी डिस्क ५०० जीबीची. दुकानदारानं ५०० जीबीची एसएसडी समोर ठेवली. शेजारी ४८० जीबीची होती, चारशे रुपयांनी स्वस्त. "काका, क्लोन करायचं असेल तर मोठी घ्या," तो म्हणाला. दुकानदार मोठी वस्तू घ्यायला सांगतो तेव्हा काय करायचं, हे पुण्यात कुणी शिकवावं लागत नाही. मी ४८०ची घेतली आणि वाचलेल्या पैशांतून बाकरवडी.

घरी आल्यावर विंडोजनं जुन्या डिस्कचे ४६५ जीबी दाखवले आणि नवीचे ४४७. कंपन्या हजारानं मोजतात, विंडोज १०२४नं, त्यामुळे दोन्ही डिस्का सारख्याच रोडावल्या होत्या. पण जुनी तरी नवीत मावत नव्हतीच. क्लोनिंगच्या प्रोग्रॅमनंही हेच सांगितलं, फक्त लाल अक्षरांत. डिस्क जवळजवळ गच्च भरलेली. मग काहीतरी पुसून जागा करायची असं ठरलं आणि घरात वाटणीचा दावा उभा राहिला. मेहुण्याच्या लग्नाचं चित्रीकरण पाच ठिकाणी निघालं. त्यातली चार पुसू म्हटलं, तर बायको म्हणाली, "पाचही नीट बघून मगच ठरवू." बघायला बसलो. डिस्क टकटकत होती आणि पडद्यावर मंगलाष्टकं अडकत होती.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आधी ते बंद करा! आजारी डिस्कवर पुसापुशी नाही, चेकडिस्क नाही, काही नाही. जेवढा कमी हात लावाल तेवढं बरं. एखादी मोठी डिस्क आणा, तिच्यावर आहे तशी प्रतिमा उतरवा आणि काटछाट त्या नकलेवर करा."

मोठी डिस्क, म्हणजे तिसरी. मी पुन्हा तापकीर गल्लीत. दुकानदारानं १ टीबीची बाहेरून जोडायची डिस्क न बोलता काढून दिली. या वेळी मी घासाघीस केली नाही, आणि त्यानंही बाकरवडी कशी होती हे विचारलं नाही.

दरम्यान वरच्या मजल्यावरचे अप्पा उपाय घेऊन आले: डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. त्यांच्या साडूची म्हणे त्यानं जगली होती. डिस्कचं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. गारठलेली डिस्क बाहेर काढली की तबकडीवर बाष्प धरू शकतं, मग ते हेड कशावर आपटेल सांगता येत नाही. हे भाच्यानं सांगितलं. बायकोनं एवढंच सांगितलं की फ्रीजरमध्ये मटार आहेत.

भाच्याच्या हुकमानुसार पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू चालवलं. आंतोनियो दियाझ दियाझ या गृहस्थांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्रॅम फार समंजस आहे. आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, दुखऱ्या जागा ओलांडून पुढे जातो, आणि मागाहून परत येऊन त्या एकेक खरवडतो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद तो मॅपफाइलमध्ये ठेवतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम राहिलं तिथून पुढे चालू होतं. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. वेग सुरुवातीला झकास होता, मग एमबीचा केबी झाला आणि शिल्लक वेळेचा आकडा पुढे सरकण्याऐवजी मागे जाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी पुण्यात वीज जाते हे लहान मुलालाही माहीत असतं. "जाऊ दे," मी म्हणालो, "मॅपफाइल आहे."

"कुठे ठेवलीय?" भाच्यानं फोनवर विचारलं.

"डेस्कटॉपवर. समोर दिसावी म्हणून."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचा डेस्कटॉप फक्त मेमरीत असतो, वीज गेली की तोही जातो. सगळं पहिल्यापासून. या वेळी मॅपफाइल मोठ्या डिस्कवर ठेवली आणि खोलीत यायला-जायला सर्वांना बंदी केली, मलाही.

शेवटी फार थोडे सेक्टर सोडून सगळं हाती आलं. नकलेवर चार लग्नं पुसली, विभाजन आखूड केलं, एसएसडीवर चढवलं. पूर्वी संगणक सुरू होईपर्यंत चहा व्हायचा. आता आधण ठेवायच्या आत डेस्कटॉप हजर. मी घरच्यांना बोलावलं आणि सर्वांसमक्ष माझं सॉफ्टवेअर उघडलं.

'ही प्रत या संगणकासाठी नोंदवलेली नाही.'

त्या सॉफ्टवेअरची नोंदणी हार्ड डिस्कच्या कारखान्यातल्या अनुक्रमांकाशी बांधलेली होती. क्लोनमध्ये डिस्कवरचं सगळं येतं, पण तो आकडा प्रत्येक डिस्कचा आपापला असतो. कंपनीचा नंबर शोधून फोन लावला. एका तरुणानं सगळी कहाणी मनापासून ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, ते आम्ही कधीच बंद केलं. तुम्ही युनिकोडच वापरा ना, फुकट आहे. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतो."

म्हणजे फाइली पुरेशा होत्या. मुलीनं माझ्या लेखांच्या फोल्डरवर क्लिक केलं: ११ एमबी. माझं समग्र वाङ्मय. धीर धरून मी म्हणालो की हेही काही थोडंथोडकं नाही. १९५६ साली आयबीएमनं जगातला पहिला हार्ड डिस्कचा संगणक काढला, तेव्हा त्या साठवणयंत्रात दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरं, म्हणजे चार एमबीही नाही. माझ्या साहित्याला तशी तीन यंत्रं लागली असती. तीन टन!

मुलीनं तोवर फोल्डरची झिप करून जीमेलवर मलाच पाठवूनही दिली होती. "२५ एमबीपर्यंत जातं, बाबा," ती म्हणाली. "अजून लिहायला जागा आहे."