ताशी अडीचशेवरून किलोला पंचवीसवर

परफॉर्मन्स कार म्हणजे गरजेपेक्षा बरीच जास्त ताकदीची आणि ऐपतीपेक्षा किंचित जास्त खर्चाची मोटार. तिच्या जागी कमी खर्चाची गाडी आणणे हा वरवर खरेदी-विक्रीचा विषय दिसतो. प्रत्यक्षात त्यात परिवहन कायदा, पदार्थविज्ञान आणि डाव्या पायाचा व्यायाम ही तिन्ही शास्त्रे येतात. विवेचनासाठी एक टोकाचे उदाहरण सोयीचे ठरते: पुण्यात कोथरूड ते हिंजवडी रोज ये-जा करणारी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, आणि तिच्या जागी येऊ घातलेली सीएनजीवरची वॅगनआर.

आरएस २४५ ही २०२० साली भारतात आली, तीही केवळ २०० नग. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, शून्यावरून शंभरावर ६.६ सेकंदांत, कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. एक्स-शोरूम किंमत ३५.९९ लाख. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे नुसता करच साडेचार लाखांच्या वर. एवढ्यात वॅगनआर जवळजवळ येते, हे वाक्य घरात जेवताना कोणी उच्चारले की बदलाची प्रक्रिया सुरू झाली असे समजावे.

पहिला टप्पा निदानाचा. ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला मालक ‘हायवेला चौदा देते’ असे उत्तर देऊ लागला, तर शहरातला आकडा त्याला माहीत आहे आणि सांगवत नाही असा अर्थ होतो. दुसरे लक्षण गतिरोधकांपाशी दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. सोसायट्यांच्या समित्यांनी यातली उंची तेवढी उदारपणे स्वीकारली आणि रुंदीकडे काणाडोळा केला. त्यामुळे बुटकी गाडी तिरकी घालून, एकेक चाक वर घेत, मागच्यांचे हॉर्न ऐकत ओलांडावी लागते. २४५ अश्वशक्तीच्या गाडीला शेजारून लुना मागे टाकून जाते तो हाच क्षण, आणि निदान इथे पक्के होते.

दुसरा टप्पा कारणमीमांसेचा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून वेगवान गाडीला जबर इंजिन लागते, हे खरे. पण चांदणी चौकात हवेचा अवरोध हा प्रश्न नसतो. तिथे इंधन खाते ते वजन. सुमारे दीड टनाची गाडी दर तीस मीटरला हलवायची आणि ती हलते न हलते तोच तिची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता करून घालवायची, हा शहरी वाहनचालनाचा गाभा आहे. टनाच्या आतल्या वॅगनआरमध्ये प्रत्येक धक्क्याला तुलनेने कमी ऊर्जा वाया जाते. शिवाय उभ्या गाडीतही चालू इंजिन पेट्रोल पितेच, आणि मोठे इंजिन जास्त पिते.

हिशेब करताना आकडे स्वतःच्या बाजूने न झुकवणे अवघड असते, म्हणून तो दुसऱ्याकडून करून घेणे बरे. महिन्याला १००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरले, तर आरएस शहरात लिटरला ८ च्या हिशेबाने १२५ लिटर, म्हणजे सुमारे १३,१०० रुपये पिते. वॅगनआरचा कंपनीने जाहीर केलेला आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. पुण्याच्या रस्त्यांनी त्यातून आपला वाटा काढून घेतल्यावर २५ उरतात असे मानले, तर ४० किलो गॅस, ३,६०० रुपये. फरक साडेनऊ हजारांचा. टायर, सिंथेटिक ऑइल आणि ९५ ऑक्टेनचे महाग पेट्रोल हे यात धरलेलेच नाही. एक्स्प्रेसवेचा टोल मात्र दोन्ही गाड्यांना तेवढाच पडतो, आणि तिथली ताशी १०० ची मर्यादाही दोघींना सारखीच. उरलेले दीडशे किलोमीटर मालकाने नेमके कशासाठी विकत घेतले होते, हा प्रश्न हिशेबात मांडू नये. त्याने घरातले वातावरण बिघडते.

इतर पर्यायांचा विचार थोडक्यात उरकता येतो. डिझेल लांबच्या धावेला परवडते, शहरात नाही. विजेची गाडी चालवायला सर्वांत स्वस्त, पण पार्किंगमध्ये चार्जर बसवण्याची परवानगी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतून मिळवेपर्यंत तिची पुढची आवृत्ती बाजारात येते.

तिसरा टप्पा विक्रीचा. गाडीवर स्टेज वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवणारा इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल, केला असल्यास मूळ मॅप परत टाकावा आणि माळ्यावर ठेवलेला मूळ सायलेन्सर खाली काढावा. गिऱ्हाइके दोन प्रकारची असतात: गाडी घ्यायला येणारी आणि गाडी चालवायला येणारी. दुसऱ्या प्रकारचा माणूस इंजिनाची अधिक खोल चौकशी करतो, यावरून तो ओळखावा. टोकन हाती पडेपर्यंत स्टिअरिंग सोडू नये. ‘फक्त ऑफिसला जाण्यापुरती वापरली’ असे सांगण्याआधी गाडीच्या क्रमांकावरची ई-चलाने तपासणे शहाणपणाचे. ती ऑनलाइन दिसतात, आणि रविवारी पहाटे पावणेसहाला लोणावळ्याजवळ नोंदलेला वेग ऑफिसच्या वाटेवरचा आहे असे पटवणे कठीण जाते.

कागदपत्रांत हयगय चालत नाही. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, गिऱ्हाईक परराज्यातले असल्यास फॉर्म २८. आरसीवर जोवर जुन्या मालकाचे नाव आहे, तोवर कायद्याच्या लेखी मालक तोच. फास्टॅगही बंद करावा, नाहीतर नवा मालक खंडाळ्याला गेला की जुन्याच्या खात्यातून पैसे जातात. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून माणसाचा असतो: सलग पाच वर्षे विमा दावा केला नसेल तर ५० टक्के सवलत नव्या गाडीला लावून घेता येते. बंपर प्रत्येक गतिरोधकाला घासला असेल, तर या सवलतीची आशा धरू नये.

या टप्प्यावर बहुतेक प्रकल्प फसतात. मालक वॅगनआर आणतो आणि आरएस ‘रविवारपुरती’ ठेवून घेतो. अशाने दोन विमे, दोन सर्व्हिसिंग आणि पार्किंगच्या जागेवरून शेजाऱ्याशी एक भांडण इतकी भर पडते, आणि साडेनऊ हजारांची बचत कागदावरच विरते. उभी गाडी पेट्रोल खात नाही, पण बॅटरी, टायर आणि किंमत या तिन्ही गोष्टी तिच्या जागच्या जागी झिजतात. बदली आणि भर यांतला हा फरक व्याकरणात सोपा आहे, गॅरेजमध्ये नाही.

चौथा टप्पा जुळवून घेण्याचा. याला साधारण दोन महिने द्यावेत. सीएनजी वॅगनआर मॅन्युअल गिअरची असते. आरएसच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरच्या काळात निवृत्त झालेला डावा पाय त्यामुळे कामावर परत बोलवावा लागतो, आणि पहिल्या आठवड्यात गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडते. सीएनजीवर साधारण ५७ अश्वशक्ती मिळते, तेव्हा चार माणसे घेऊन कात्रज चढताना एसी बंद करण्याचा जुना महाराष्ट्रीय रिवाज पुन्हा शिकावा. ओव्हरटेकचा निर्णय आधी घ्यायचा, मग गिअर उतरवायचा आणि मग बहुधा निर्णय रद्द करायचा.

डिक्कीत ६० लिटरचा सिलिंडर बसलेला असतो. त्याच्या शेजारी लॅपटॉपची बॅग आणि भाजीची पिशवी मावते. गणपतीला गावी जाताना सामान मांडीवर घेण्याची तयारी ठेवावी.

पंपावरची रांग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात आणि त्या वेळी सर्वांनी खाली उतरायचे असते, म्हणून झोपलेल्या मुलांना घेऊन जाऊ नये. रांगेत लागण्यापूर्वी पुढच्या रिक्षावाल्याला ‘प्रेशर आहे का?’ असे विचारावे. दाब उतरलेला असेल तर सिलिंडर अर्धाच भरतो. भर उन्हात गॅस तापून प्रसरण पावतो आणि त्याच दाबाला कमी वजनाचा बसतो, यासाठी जाणकार पहाटे जातात. आरएसच्या काळात मालक रविवारी पावणेसहाच्या आधी घराबाहेर पडत असेच. ती सवय इथे उपयोगी पडते.

यानंतर लक्षात ठेवण्याजोगी एकच तारीख राहते. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि तिचा दिनांक गाडीवरच्या छोट्या पट्टीवर कोरलेला असतो. पंपावरचा माणूस नळी लावण्याआधी पाहतो तो तोच.