शहामृगाने वीरलाच उतरावं

परग्रहावरचा प्राणी घडवायची वेळ आली की भल्याभल्यांची प्रतिभा शहामृगाच्या दारात जाऊन उभी राहते. १९८२च्या ‘जाउस्ट’ या व्हिडिओ गेममधले सरदार भाले घेऊन चक्क उडत्या शहामृगांवरून लढतात. ‘फायनल फँटसी’ या जपानी खेळातला चोकोबो म्हणजे पिवळा रंग फासलेला शहामृगच. ‘स्टार वॉर्स’च्या १९९९च्या चित्रपटातल्या काडूला बदकाचं तोंड बसवलं आहे, पण चालीवरून घराणं कळायचं ते कळतंच. माझं म्हणणं एवढंच की ही लपवाछपवी आता पुरे. विज्ञानकथेत शहामृग आहे तसाच घ्यावा, आणि मराठी लेखकाने तो महाड तालुक्यातल्या वीर स्थानकावर उतरवावा.

आहे तसाच, कारण त्यात भर घालण्यासारखं निसर्गाने काही शिल्लक ठेवलेलं नाही. शंभर किलोंच्या वरचा देह, पायाला दोनच बोटं आणि ताशी सत्तर किलोमीटरचा वेग. डोळा पाच सेंटिमीटरचा, म्हणजे मेंदूपेक्षा मोठा. दिसतं भरपूर, उमजतं बेताचं. हा गुण परग्रहाच्या निरीक्षकाला शोभून दिसेल (आपल्याकडच्या काही पाहणी पथकांनाही दिसतो). दात नाहीत म्हणून हा पक्षी दगड गिळतो आणि पोटातच दळण घालतो. एच. जी. वेल्सने १८९४ साली याच पोटावर एक गोष्ट बेतली. शहामृग एका हिंदी गृहस्थाच्या पागोट्यातला हिरा गिळतो, आणि मग बोटीवर शहामृगांचे लिलाव सुरू होतात. कालयंत्राची कादंबरी त्यानंतरच्या वर्षी आली. असा प्राणी कुणी मनाने रचून पाठवला असता, तर संपादकाने ‘अतिरंजित’ असा शेरा मारून साभार परत केला असता. जयंत नारळीकरांनी १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. तेव्हापासून मराठी वाचकाला विज्ञानाचे नियम पाळणाऱ्या अद्भुताची सवय झाली आहे. शहामृग सगळे नियम पाळतो आणि तरीही पटत नाही. आणखी काय हवं? राहिला वाळूत डोकं खुपसण्याचा आरोप. त्याचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा. त्यातली अंडी तो मान खाली घालून चोचीने फिरवतो, आणि लांबून बघणाऱ्याला बिनमुंडक्याचा पक्षी दिसतो. संसार सांभाळणाऱ्याला पळपुटा ठरवायची रीत जुनीच आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा आफ्रिकेतला पाहुणा, मराठी कथेत त्याचं काय काम? काम आहे, आणि कागदपत्रंही आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. तिथे १९७२-७३ साली शां. अ. साळी यांनी उत्खनन केलं, त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. त्यासोबत कवचाचा एक तुकडाही निघाला. त्यावर समांतर रेघा ओढून मधल्या पट्ट्यांत तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. दोनएक मिलिमीटर जाडीच्या कवचावर गारगोटीच्या टोकाने, हात न घसरू देता, हे कुणीतरी सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी केलं. भारतात सापडलेल्या जुन्या कवचांतला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबीने तपासला, आणि ही अंडी आफ्रिकी शहामृगाच्या गोतातलीच असल्याचं २०१७ साली जाहीर केलं. तेव्हा परका कोण, हा प्रश्न शहामृगाला विचारताना जरा दबकतच विचारावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वीरच का? एक तर परग्रहवासी दरवेळी न्यूयॉर्कलाच उतरतात आणि तिथल्या लोकांना आता त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. दुसरं म्हणजे, १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा उत्तरेकडचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा काही काळ रूळ वीरलाच संपत होते. पुढे एसटी. विश्वाच्या कडेला असण्याचा अनुभव ज्या स्थानकाला आहे, ते अशा पाहुण्याला बावचळणार नाही. पावसाची अडचण मात्र खरी आहे. पिसांना लावायच्या तेलाची ग्रंथीच शहामृगाला नसल्यामुळे तो सरीत चिंब भिजतो, आणि महाड-पोलादपूरचा पाऊस म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा मामला. त्याने गणपतीला येऊ नये, शिमग्याला यावं. भातकापणी कधीच उरकलेली असते, खाचरं मोकळी असतात. आंबेनळी घाटाच्या वाटेला त्याने जाऊ नये, पण मुंबई-गोवा महामार्गावर तो मोटारींच्या पुढे राहील. दळणाला लागणारी खडी तिथे कडेला वर्षानुवर्षं पडलेलीच आहे.

शेवटचा आक्षेप भीतीचा: हे पक्षी आपल्यावर राज्य करू लागले तर? ऑस्ट्रेलियाने १९३२ साली याच्या चुलतभावावर, इमूवर, मशीनगन घेऊन सैनिक धाडले होते. इमू पांगले, सैनिक परतले. महाराष्ट्राने बंदूक उचलली नाही. २०१०च्या आसपास गावोगाव इमूपालनाच्या योजना आल्या. तेल, मांस, पिसं, चामडं, सगळ्याचा भाव कागदावर मांडला गेला. पुढे गिऱ्हाईकच आलं नाही, आणि खाद्याच्या खर्चापायी अनेकांनी इमू सोडून दिले. म्हणजे घाबरायचंच असेल तर ते शहामृगाने घाबरावं. वीरला यान उतरल्यावर तासाभरात कुणीतरी हिशोब मांडेल, की एक अंडं म्हणजे कोंबडीची दोन डझन, आणि यानाच्या दारातच ॲडव्हान्स पुढे करेल.