बेडरूम, हॉल, किचन, लांडगा

पनवेलला आता कशाची ददात नाही. २०१६ साली महापालिका आली, २०२५च्या डिसेंबरात उशाशी विमानं उतरू लागली. कमी होती ती एका लांडग्याची. खांदा कॉलनीत हस्की घेऊन फिरणाऱ्याकडे हल्ली कुणी वळूनसुद्धा बघत नाही. हौशी मंडळींना आता ‘वुल्फडॉग’ हवाय. अर्धा कुत्रा, अर्धा लांडगा, पूर्ण रुबाब.

किंमत विचारू नये. २०२५च्या सुरुवातीला बंगळुरूच्या एका श्वानशौकिनाने पन्नास कोटींचा वुल्फडॉग घेतल्याची बातमी जगभर गाजली. एप्रिलमध्ये ईडीचे अधिकारी चौकशीला घरी पोहोचले, तेव्हा अशी खरेदी झालीच नसल्याचं बाहेर आलं. चोराला पळवून लावणारे कुत्रे पुष्कळ आहेत. ईडीला घरी आणणारा हा पहिलाच.

आता त्याच्या शौर्याविषयी. हॉलंडच्या लेंडर्ट सार्लोस यांनी १९३०च्या दशकात जर्मन शेफर्डशी लांडगीची जोडी जमवली. कुत्रा काटक व्हावा, कामाला यावा, एवढाच हेतू. निपजला तो बुजरा, अनोळखी माणूस दिसला की लांब सरकणारा. कारण लांडगा मुळातच माणसाला टाळतो. तेव्हा चोर शिरलाच, तर तुमचा वाघ पलंगाखाली सापडेल. गणपतीत ढोल वाजू लागले की तुम्हीही त्याच्याशेजारी बसून समजूत काढायची.

चेकोस्लोव्हाकियात १९५५ साली हाच प्रयोग सीमेवरच्या गस्तीसाठी सुरू झाला. ते कुत्रे दिवसभर धावण्यासाठी घडवलेले. आपण त्याला वडाळे तलावाला एक फेरी मारून आणणार, आणि मग दिवसभर तो सोफ्याच्या आतला फोम शोधणार. मे महिन्यात त्याच्या अंगावरचा कार्पेथियन डोंगरातला कोट उतरवता येत नाही, म्हणून एसी त्याच्या खोलीत आणि आजोबा गॅलरीत.

सोसायटीची भीती बाळगू नका. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगून ठेवलंय. मार्च २०२४मध्ये केंद्राने ‘घातक’ जातींची यादी काढली, त्यात वुल्फडॉगही होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. सेक्रेटरींना मात्र त्यातला पहिलाच अर्धा भाग माहीत असतो.

आणि एवढा खर्च कशाला? घाट चढून पलीकडे गेलात की सासवड, बारामती, सोलापूरच्या माळांवर खराखुरा लांडगा आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला बसलेला, त्यामुळे पाळायचा विचारही करू नये. धनगर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहतो. मेंढरू गेलं की शिव्या घालतो, पण त्याच्या गळ्यात पट्टा घालावा असं काही त्याच्या डोक्यात येत नाही.

संकर हवाच असेल, तर तोही पुणे जिल्ह्यात फुकटात झालाय. तिथल्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचा जनुकीय पुरावा संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. कृती सोपी आहे: माळावर प्लॉट पाडायचे, कडेला उष्टं-खरकटं टाकायचं, त्यावर मोकाट कुत्री पोसायची. बाकीचं ती बघतात. परदेशात ज्यासाठी वर्षानुवर्षं खपले, ते आपण कचरा टाकून साधलं. फरक इतकाच, की तिथे नवी जात तयार झाली, इथे असलेली जात पुसट होत चाललीय.

म्हणून पनवेलकरांनो, रुबाबच करायचा तर गल्लीतलं एक गावठी पिल्लू घरी आणा. रेबीजची लस द्या, नसबंदी करा. ते उकाडा सोसतं, वरणभात खातं आणि चोरावर भुंकतंसुद्धा. कुणी जात विचारलीच, तर ‘कर्नाळा वुल्फहाउंड’ म्हणून ठोकून द्या. थापच मारायची, तर ती ईडी दारात येणार नाही इतपत स्वस्त असावी.