वरच्या सभागृहातली आमची जागा

खालच्या सभागृहात घाई होते, म्हणून वर कुणीतरी थंड डोक्याचे बसवावे, ही समजूत रोमच्या सिनेटपासून चालत आली आहे. अमेरिकेतही १९१३ पर्यंत सिनेटर राज्यांची विधिमंडळेच निवडायची. लोकांना विचारण्याची भानगड नव्हती. आपल्याकडे १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला दोन सभागृहे दिली. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, तिथे एकातच भागायचे. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि आम्हालाही वरचा मजला मिळाला.

आज महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. त्यातली एक यवतमाळची. मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. सगळे मिळून एका मंगल कार्यालयात मावतील. उमेदवाराला उन्हात फिरावे लागत नाही. मतदारांनाच थंड हवेच्या ठिकाणी नेतात म्हणे. डोके थंड ठेवायचे, तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

२०१६ मध्ये इथून तानाजी सावंत निवडून गेले. २०१९ ला ते तिकडे परांड्यात विधानसभा जिंकले आणि आमची जागा मोकळी झाली. २०२० च्या पोटनिवडणुकीत नागपूरचे दुष्यंत चतुर्वेदी आले. वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री राज्याला देणाऱ्या जिल्ह्याने आमदार मात्र बाहेरून मागवावा! पण कापूस बाहेर धाडून कापड बाहेरून आणायची सवय आम्हाला जुनीच आहे.

एक कबूल करायला हवे. याच परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, आणि मुख्यमंत्री असलेल्या पुसदच्या वसंतरावांनी ती उचलली. मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला, तो अशा थंड डोक्यांमुळे. परिषद बरखास्त करा म्हणणाऱ्यांपुढे मी हे एकच उदाहरण ठेवतो. दुसरे विचारले की पाणी मागवतो.

डिसेंबर २०२२ मध्ये यवतमाळच्या जागेची मुदत संपली. पण तोवर पालिका आणि जिल्हा परिषद प्रशासकांच्या हाती गेल्या होत्या. निवडणुका अडलेल्या, म्हणजे मतदारच शिल्लक नव्हते! जागा रिकामी राहिली. जिल्ह्यात कुणाच्या ते ध्यानातही आले नाही. हळहळले ते फक्त सहलींना गाड्या भाड्याने देणारे.