साखळी म्हणजे नेमकी कुठली?

डेटा मॉडेलिंग शिकायला बसलात ना? मग आधी संगणक बंद करा आणि तिळारीचा नकाशा पसरा. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाणी महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं. डावा कालवा डिचोलीच्या अंगाला, उजवा पेडण्याच्या. डावं-उजवं नदी वाहते तिकडे तोंड करून ठरवायचं. उलटे उभे राहिलात तर पेडण्याचं पाणी डिचोलीत जाईल, निदान कागदावर.

आता चित्र काढा. १९७६ साली पीटर चेन यांनी दाखवली ती रीत: वस्तूला चौकट, नात्याला शंकरपाळा. कालवा, दार, गाव, शेत या चौकटी. ‘पाणी देतं’ हा शंकरपाळा. एका दारावर अनेक शेतं हे सगळ्यांना सुचतं. एक शेत दोन दारांवर भिजतं, हे बांधावर गेल्याशिवाय सुचत नाही.

नावाला ओळख समजू नका. डिचोली, दिवचल, बिचोलीम हा तालुका एकच. उलट साळ हे डिचोलीतलं गावही आणि सासष्टीतली नदीही. म्हणून प्रत्येक वस्तूला निरर्थक क्रमांक द्यायचा, तीच तिची ‘प्रायमरी की’. अर्थ असलेला क्रमांक पुढे भांडण लावतो.

हे मी शिकलो ते असं. माझ्या पहिल्याच तक्त्यात नोंद होती: ‘गळती, साखळी १४/२००’. साखळी म्हणजे कालव्याच्या मुखापासूनचं अंतर, चौदा किलोमीटर दोनशे मीटर. पण मी रकान्याचं नाव ठेवलं होतं ‘ठिकाण’. जीप साखळी शहरात गेली, बाजारातून फिरली, भजी खाऊन परत आली. पाणी तोवर गळतच होतं. तेव्हा ‘कालवा’, ‘अंतर’ आणि ‘गाव’ असे तीन रकाने करा. भजीचा खर्च वाचेल.

जमिनीपाशी तर हमखास ठेच लागते. सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रात सातबारा, पलीकडे गोव्यात एक-चौदा. दोन्ही उतारे एकाच रकान्यात कोंबू नका. आधी राज्य, मग उताऱ्याचा प्रकार, मग क्रमांक. आणि शेतकऱ्याचं नाव पाण्याच्या दर पाळीला नव्याने लिहू नका. एक गोष्ट एकाच जागी, हा एडगर कॉड यांच्या १९७० च्या मांडणीतून पुढे आलेला धडा. नाहीतर ‘पांडुरंग’चे चौथ्या पाळीपर्यंत तीन शेतकरी होतात.

चित्र झालं की पाटकऱ्याला दाखवा. माझं त्याने शांतपणे पाहिलं, शंकरपाळ्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “सायब, दाराची चावी कोणाकडे असते, ते ह्यात खंय?”

मी म्हटलं, प्रायमरी की इथे आहे.

“ती न्हय. कुलपाची.”

रबर घ्या. नवी चौकट काढा.